लांज्याजवळच्या गावातून मोठ्या कंपनीचा ऑनलाइन कोडिंग राउंड (व्हिडिओ कॉलवर कोड लिहून दाखवायची मुलाखत) द्यायचा आहे. पावसात वीज जाते. तयारी कशी करू?

विजेचं आधी उरका, ते सोपं आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण वीज गेली की फायबरचा राउटर बंद पडतो आणि कॉल तुटतो. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात, बहुतेकदा १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घ्या. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर हॉटस्पॉट तयार ठेवा, रिक्रूटरचा नंबर हाताशी. कॉल तुटला तर लगेच कळवा. वेळ बदलून मागण्यात काही गैर नाही.

खरी कसोटी पुढे. राउंड ४५ मिनिटांचा धरला, तर त्यातून ओळख आणि शेवटचे प्रश्न वजा केले तर साधारण ३५ मिनिटं उरतात. तरीही प्रश्न ऐकताच टाइप करू नका. इनपुट किती मोठा, रिकामा असू शकतो का, ऋण आकडे येतात का, हे आधी विचारा. इनपुटमध्ये एक लाख आकडे असतील तर एकात एक दोन लूप (प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा सगळे आकडे तपासणं) म्हणजे १,००० कोटी पायऱ्या, वेळेत बसणारच नाहीत. सॉर्टिंग (आकडे क्रमाने लावणं) किंवा हॅशमॅपकडे (हवी ती नोंद थेट शोधून देणारी यादी) वळा. पण तो दोन लूपचा साधा उपायही बोलून दाखवा. आपली बरीच हुशार मुलं इथेच गप्प बसून विचार करतात आणि समोरच्याला त्यातलं काहीच कळत नाही.

अनेकदा एडिटरमध्ये कोड रन करता येत नाही, म्हणून सराव साध्या नोटपॅडमध्येच करा. लिहून झालं की छोटं उदाहरण घेऊन ओळीओळीने व्हेरिएबलच्या किमती मोठ्याने सांगा. एका घराने पुढे-मागे झालेला इंडेक्स (यादीतला क्रमांक) तिथेच सापडतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, वाक्यं छोटी ठेवा.