‘घरी परत येऊ का?’ : पहिल्या वर्षातील एक अनुभव

दिवाळी जवळ आली की मला येणारे पालकांचे फोन वाढतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. बारावीपर्यंत हुशार असलेले आपले मूल महाविद्यालयात रमत नाही, शिक्षण सोडून परत येतो म्हणते. त्याला घेऊन यावे का? उत्तरादाखल अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने, मांडते.

धाराशिव जिल्ह्यातील ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, अकरावी-बारावी तिने लातूरला केली आणि सीईटीत चांगले गुण मिळवून ती पुण्यात आली. माझ्यासमोर बसल्यावर तिचे पहिलेच वाक्य होते, “मॅडम, मी हुशार नव्हतेच, ते आत्ता कळलं.”

मी तिला मागचा आठवडा वारानुसार सांगायला लावला, कारण ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला मुले सहसा ‘बरं आहे’ एवढेच उत्तर देतात. त्या सांगण्यातून दिसले ते असे. लातूरला क्लास, सराव परीक्षा, अभ्यासिकेतले तास हे सारे दुसऱ्यांनी ठरवलेले होते आणि एक परीक्षा चुकली तरी घरी फोन जात असे. पुण्यात मात्र दुपारी तास संपले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला कोणी काही विचारत नव्हते. ती पुस्तक उघडून बसे, पण आज नेमके काय वाचायचे हे ठरवण्याची वेळच तिच्यावर पूर्वी आलेली नव्हती. गणिताची सूत्रे तिला येत होती. परंतु ती मराठीतून समजावून घेण्याची सवय असल्यामुळे इंग्रजीतले स्पष्टीकरण मागे पडे आणि आपले इंग्रजी ऐकून वर्ग हसेल या भीतीने शंका वहीतच राहत. ड्रॉइंगची शीट चुकली की ती रात्री खोलीत एकटीच खोडत बसे. शेजारच्या तिघींच्याही शीट परत आल्या होत्या, हे तिला ठाऊकच नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. तिची मेस रविवारी संध्याकाळी बंद असे, खोलीतल्या मुली नातेवाइकांकडे जात, आणि ही बिस्किटे खाऊन घरी फोनवर ‘जेवले’ असे सांगत असे. शिक्षण सोडण्याचा विचार तिने घरी तीनदा बोलून दाखवला होता आणि तिन्ही वेळा रविवारची रात्र होती.

निर्णय सत्र परीक्षेपर्यंत लांबणीवर टाकायचा, एवढेच आम्ही आधी ठरवले. मग रोज पाच ते सात ग्रंथालयात नांदेडकडच्या एका वर्गमैत्रिणीसोबत बसायचे आणि आठवड्याला निदान एक शंका तास संपल्यावर सरांना मराठीतच विचारायची. पहिल्या शंकेसाठी तिला दोन आठवडे लागले. सरांनी ती मराठीतूनच सोडवून दिली. रविवारी संध्याकाळी ती आणि शेजारच्या तिघी मिळून खिचडी करू लागल्या.

वडील तिला न्यायला निघाले होते. त्यांना मी थांबण्याची विनंती केली आणि ‘अभ्यास झाला का’ ऐवजी ‘आज कोणाबरोबर जेवलीस’ असे विचारायला सांगितले. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला नातेवाईक प्रेमानेच देतात, परंतु तो ऐकल्यावर मूल पुढच्या वेळी खरे सांगत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

थांबणे प्रत्येक वेळी योग्य नसते. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले असेल, मूल खोलीबाहेर पडत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर पालकांनी त्याच दिवशी मुलाजवळ पोहोचावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. रॅगिंगचा त्रास असेल, तर मुलाला जुळवून घ्यायला सांगू नये. लगेच तक्रार करावी.

या मुलीच्या बाबतीत तसे काही नव्हते. पहिल्या सत्रात तिचा गणित हा एक विषय राहिला, पण राहिलेला विषय घेऊन पुढे जाण्याची, म्हणजे एटीकेटीची, सोय असल्यामुळे वर्ष वाया गेले नाही. निकाल लागला त्या संध्याकाळी तिने स्वतःच वडिलांना फोन करून विषय राहिल्याचे सांगितले आणि तो कधी सोडवणार आहे, तेही सांगितले.