'मंडळी' म्हणजे कोण, आणि ती जमते कशासाठी?

प्रश्न असा आला आहे: "पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांवर लेख लिहितो आहे. नव्या कराराच्या मराठी भाषांतरात 'चर्च' कुठे सापडतच नाही, जिथे तिथे 'मंडळी' आहे. मंडळी म्हणजे तर नुसती माणसे. मग मी 'चर्चचा उद्देश' लिहू की 'मंडळीचा उद्देश'? आणि हा उद्देश शास्त्रात नेमका सांगितलाय कुठे?"

'मंडळी' लिहा. पहिल्या शतकाबद्दल लिहिताना तर नक्कीच. उद्देशाचे उत्तर एका वचनात मिळणार नाही, पण हा शब्द कुठे कुठे आणि कोणत्या क्रियापदांबरोबर येतो हे पाहत गेलात तर बरेच हाती लागेल.

आधी मराठीचे पाहू. 'घरची मंडळी जेवायला बसली', 'काय मंडळी, निघायचं का?' यांतली मंडळी सैल आहे, जमली तशी पांगणारी. पण मराठीत दुसरीही मंडळी आहे. १८८० च्या सुमारास उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी आठवा. ही मंडळी म्हणजे नाव असलेली, नेम असलेली, एका कामासाठी बांधली गेलेली संस्था. तिचे अनेकवचनही होते. 'नाटक मंडळ्या गावोगाव फिरत' असे आपण लिहितो, पण 'घरच्या मंडळ्या' असे कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती मराठीतली मंडळी ही या दुसऱ्या जातीची आहे. म्हणूनच प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातल्या 'सात मंडळ्या' येतात आणि वाचताना कानाला खटकत नाहीत.

मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. नव्या करारात तो शंभराहून अधिक वेळा येतो, पण येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत मिळून फक्त दोन वचनांत, दोन्ही मत्तयाची. पैकी एकात येशू म्हणतो, भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोल, मग एक-दोघांना बरोबर ने, तरीही ऐकेना तर मंडळीला सांग. येशूच्या तोंडी हा शब्द इतका क्वचित येतो, आणि त्यातल्या एका ठिकाणी तो भावाभावांतला बिघाड मिटवण्यासाठी येतो. उद्देश शोधणाऱ्याने हे वचन टिपून ठेवावे.

हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवला नव्हता. ग्रीक नगरांत नागरिकांची जी अधिकृत सभा भरे तिला एक्लेसिया म्हणत. अथेन्सची सभा प्निक्स टेकडीवर भरे. तिथे कायदे होत, युद्ध-तहाचे निर्णय होत. बायका, गुलाम, परके यांना तिथे जागा नव्हती. शब्दाची फोड 'बाहेर' आणि 'बोलावणे' अशी होते. तिच्यावरून 'जगातून बाहेर बोलावलेले लोक' असा अर्थ प्रवचनांतून पुष्कळदा सांगितला जातो. मला तो पटत नाही. व्युत्पत्ती सांगते शब्द कुठून निघाला. पहिल्या शतकातल्या माणसाच्या मनात तो शब्द ऐकून काय येई, ते त्याच्या रोजच्या वापरावरून ठरते. आणि रोजच्या वापरात त्याचा अर्थ होता 'सभा', तीही बोलावून भरवलेली.

दुसरा धागा इब्री शास्त्राचा, म्हणजे जुन्या कराराचा. त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'काहाल' या इब्री शब्दासाठी बऱ्याच ठिकाणी एक्लेसिया घातला आहे. काहाल म्हणजे देवासमोर जमलेले सारे इस्राएल, विशेषतः मोशेला आज्ञा मिळाल्या त्या होरेब डोंगराच्या पायथ्याशी वचन ऐकायला उभे राहिलेले लोक. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात स्तेफन नावाचा विश्वासणारा आपल्या भाषणात रानातल्या त्या जमावासाठी हाच शब्द वापरतो. म्हणजे मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पत्राच्या माथ्यावर एक्लेसिया लिहिले की ग्रीक कानाला नगरसभा ऐकू येई आणि यहुदी कानाला होरेब.

कृत्यांतलाच इफिस शहरातला प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. देमेत्रिय नावाचा सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे घडवून विकत असे. पौलामुळे धंदा बसणार म्हणून त्याने कारागिरांना चिथावले आणि सगळे शहर नाट्यगृहात लोटले. कृत्यांचा लेखक लूक लिहितो की सभेत गोंधळ माजला होता, कोणी काही ओरडत होते तर कोणी काही, आणि आपण जमलो कशासाठी हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. इथे 'सभा' म्हणून जो शब्द आहे तो एक्लेसियाच. शेवटी नगराचा चिटणीस त्यांना शांत करतो आणि सांगतो की तक्रार असेल तर ती कायदेशीर सभेत मांडा. तिथेही एक्लेसिया. एकाच अध्यायात तीनदा. मराठी भाषांतरकारांनी इथे 'मंडळी' न लिहिता 'सभा' लिहिले. वाचकाचा घोटाळा टळला, पण मूळ वाचणाऱ्याला जे दिसते ते झाकले गेले. एकाच शहरात एका नावाची दोन जमणी होती. एक नाट्यगृहात, का जमलो हे न कळलेली. दुसरी कोणाच्या तरी घरात, जिला का जमायचे हे पौल पुन्हा पुन्हा सांगत होता.

शब्द असा नगराचा असल्यामुळे ही सभा कोणाची हे सांगणे पौलाला भाग होते. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले पहिले पत्र साधारण इ.स. ५० चे. आपल्या हाती आलेल्या पौलाच्या पत्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्याच्या माथ्यावर नुसते 'थेस्सलनीकाकरांची एक्लेसिया' एवढेच लिहिले असते तर ते नगरसभेला धाडलेले पत्र वाटले असते. म्हणून पुढे लगेच 'देवपिता व प्रभू येशू ख्रिस्त यांच्या ठायी' असे जोडले आहे.

आता 'चर्च' या शब्दाकडे. तो एक्लेसियापासून आलेलाच नाही. त्याचे मूळ 'किरियाकॉन' या दुसऱ्या ग्रीक शब्दात आहे. अर्थ 'प्रभूचे', म्हणजे प्रभूचे घर. पोर्तुगीज 'इग्रेजा' आणि तिच्यावरून आलेली कोकणी 'इगर्ज' मात्र एक्लेसियाच्याच लेकी. विल्यम टिंडेलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च' टाळून 'काँग्रिगेशन' वापरला, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. पुढे १६११ च्या राजा जेम्सच्या भाषांतरासाठी जे नियम घालून दिले, त्यांत 'चर्च'च्या जागी 'काँग्रिगेशन' घालू नये असा स्पष्ट नियम होता. जमलेल्या लोकांना श्रेष्ठ म्हणायचे की संस्थेच्या अधिकाराला, असा तो झगडा होता. मराठीला त्या झगड्यात पडावे लागले नाही. 'मंडळी' लिहिले की भिंती आणि कळस मनात येतच नाहीत, आणि पहिल्या शतकात ते नव्हतेच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. उपासनेसाठी फेरबदल केलेली, आज ओळखता येणारी सर्वांत जुनी वास्तू सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस इथली. तीही मुळात एक राहते घर. साधारण इ.स. २४० च्या आसपास दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथे मोठी खोली केली होती.

आता उद्देश. जमून काय करायचे हे सर्वांत स्पष्ट कळते करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आणि ते कळते तिथले लोक चुकत होते म्हणून. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ जेवायला, सगळे एकत्र येत, पण प्रत्येक जण आपापले जेवण आधीच उरकून घेई. एक उपाशी राही, दुसऱ्याला मद्य चढलेले असे. उशिरा येणारे बहुधा गुलाम आणि मजूर असावेत. दिवसाच्या वेळेवर त्यांचा हक्क नव्हता. पौल चिडतो. खायला-प्यायला तुम्हांला घरे नाहीत काय? की देवाच्या मंडळीला तुच्छ मानून, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता? त्याच्या लेखी गरिबाचा अपमान हाच मंडळीचा अपमान, दोन्ही एकाच वाक्यात येतात. लांबलचक उपदेशानंतर तो जो उपाय सांगतो तो अगदी साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात एक शब्द सारखा येतो: 'ओइकोदोमे'. मराठीत त्याला बहुधा 'उन्नती' म्हणतात. सर्व काही उन्नतीसाठी असावे, असे ते वचन आहे. अर्थ चुकीचा नाही, पण माझे मन 'उन्नती'वर रमत नाही. ती वर जाते, एकट्याचीही होऊ शकते. ओइकोदोमे म्हणजे घर बांधणे, दगडावर दगड रचणे. 'उभारणी' हा शब्द जवळचा. मंडळीला इमारत नव्हती, पण बांधकाम मात्र चालू होते, आणि त्यातले दगड म्हणजे माणसे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर वाचकांना 'जिवंत धोंडे'च म्हटले आहे. धोंडा हा शब्द मला इथे फार आवडतो. तो गुळगुळीत नाही, त्याला कोपरे आहेत, शेजारच्याशी जुळवून बसवावा लागतो.

भाषेची आवड असणाऱ्याने तिथेच आणखी थोडे थांबावे. करिंथात काही जण कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पौल म्हणतो, मंडळीत तसले दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना शिकवता यावे म्हणून मी समजून उमजून पाच शब्द बोलेन. नाहीतर शेजारी बसलेला 'आमेन' तरी कशाला म्हणणार? बाहेरचा माणूस आत आला तर तो तुम्हांला वेडे समजणार नाही का? म्हणजे जमलेल्यांत बाहेरचाही धरलेला आहे, त्याला कळावे हीही जमणाऱ्यांची जबाबदारी.

दुसरा शब्द 'कोइनोनिया'. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या विश्वासणाऱ्यांची चार कामे येतात: प्रेषितांचे शिक्षण, ही कोइनोनिया, भाकर मोडणे आणि प्रार्थना. मराठीत 'सहवास' किंवा 'सहभागिता' म्हणतात. ऐकताना ते गोड, निराकार वाटते. पण रोमकरांच्या पत्रात मासेदोनिया आणि अखया इथल्या लोकांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पैसे जमवले, त्या रकमेलाही पौल कोइनोनिया म्हणतो. आपल्या रोजच्या मराठीत त्याला वर्गणी म्हणतात. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार येते ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांच्या रोजच्या वाटणीची. त्यांना डावलले जात होते. मग त्या कामासाठी सात माणसे निवडली गेली. यरुशलेमेतल्या मंडळीची ही निवड ताटात काय पडते यावरून झाली, हे मला फार मोलाचे वाटते.

तिसरा शब्द इफिसकरांच्या पत्रातला. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक हे कशासाठी दिले, तर पवित्र जनांच्या 'कातार्तिस्मॉस'साठी, सेवेच्या कामाकरता. याच धातूचे क्रियापद मत्तयात जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे आले आहे. फाटलेली जाळी पुन्हा मासेमारीला लायक करणे, तोच अर्थ. इथे स्वल्पविरामाने मोठी उलथापालथ केली आहे. 'पवित्र जनांना तयार करण्यासाठी' याच्यापुढे स्वल्पविराम दिला, जसा जुन्या इंग्रजी भाषांतरात होता, तर सेवा हे पाळक-शिक्षकांचे काम ठरते. तो काढला तर पाळकाचे काम जाळी दुरुस्त करण्याचे, आणि सेवा सगळ्या मंडळीची. ग्रीक वाक्याची ठेवण मला दुसऱ्या वाचनाकडे झुकलेली दिसते.

काही जण म्हणतील, सुवार्ता सांगणे हाच उद्देश, बाकी सगळे मागाहून. मत्तयाच्या शेवटी सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची आज्ञा आहे हे खरेच. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवले, हेही आहे. पण मंडळ्यांना लिहिलेली पत्रे वाचा. त्यांत बहुतेक जागा एकमेकांशी कसे वागावे याला दिलेली आहे. इफिसकरांच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की देवाचे नानाविध ज्ञान मंडळीच्या द्वारे कळून यावे. उद्देशाचे वचनच हवे असेल तर हे घ्या, पण ते ज्ञान कळणार कशातून, तर आदल्याच अध्यायात सांगितले आहे: यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली आडभिंत पाडली गेली, यातून.

मराठीतले बाकीचे शब्द थोडक्यात. कॅथलिक लेखनात 'ख्रिस्तसभा' रूढ आहे, आणि जगभरच्या एका समाजाबद्दल बोलायचे असेल तेव्हा तो चांगला बसतो. वास्तूला वसईकडे 'देऊळ' म्हणतात, तेही सुंदर आहे, पण तुमच्या लेखात कामाचे नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही सामावणारा जो बंधुसमाज काढला, त्याला त्यांनी 'देवाचा दरबार' म्हटले. त्यांना मंडळीपेक्षा मोकळे दार हवे होते.

तुमच्या लेखात 'आद्य मंडळीचा उद्देश' असे लिहा आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'ख्रिस्ती मंडळी' करा, म्हणजे वाचक बुचकळ्यात पडणार नाही. विभक्ती सांभाळा. 'करिंथच्या मंडळींनी' म्हटले की पाहुणेमंडळी वाटतात. 'करिंथच्या मंडळीने' हवे, एकवचनी आणि अनुस्वाराशिवाय. अनेक गावांच्या असतील तर 'मंडळ्यांनी'. आणि जिथे लोक जमत ती जागा सांगायची असेल तिथे चर्च नको, सरळ 'घर' लिहा.