संगणकशास्त्राची पदवी असताना बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान कायद्याच्या वकिलीकडे वळावे का?

संगणकशास्त्राची पदवी हाती असताना कायदा शिकून या क्षेत्रात यावे का आणि इथे रोजचे काम नेमके काय असते, असे आपण विचारले आहे. मी हेच काम करतो, आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र न्यायालयातील युक्तिवादाच्या ओढीने येऊ नये. इथला बहुतेक वेळ वाचण्यात, अशिलाला प्रश्न विचारण्यात आणि मसुदे लिहिण्यात जातो.

कंपनीची खरेदी-विक्री होत असते तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाला आधी हे शोधावे लागते की सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचे आहे. ज्याने पैसे मोजले त्याचे, असे सर्वांनाच वाटते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा कंपनीकडे जातो हे खरे. पण बाहेरच्या स्वतंत्र प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, लेखी हस्तांतरण झाले नसेल तर, अनेक देशांत त्याच्याकडेच राहतो. म्हणून कोडच्या इतिहासातून लिहिणाऱ्यांची नावे काढून प्रत्येक नावासमोर सही झालेला करार आहे की नाही हे तपासावे लागते. त्यानंतर पाळी येते ओपन सोर्स घटकांची, म्हणजे सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या कोडची. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा एखादा घटक उत्पादनात मिसळून ते ग्राहकांना वितरित केले असेल, तर स्वतःचा कोडही त्याच परवान्याखाली खुला करण्याचे बंधन येऊ शकते. तो घटक प्रोग्रामशी कसा जोडला आहे हे ज्याला स्वतः वाचून कळते, त्या वकिलाचे मत वेगळ्याच वजनाचे असते.

पेटंटचे काम याहून बारीक आहे, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. पेटंटचे संरक्षण अर्जाच्या तारखेपासून साधारणपणे 20 वर्षे मिळते, पण त्याची व्याप्ती ठरते ती दाव्यांच्या, म्हणजे शोधातील नेमक्या कशावर हक्क आहे हे सांगणाऱ्या वाक्यांच्या, शब्दांवरून. दाव्यात ‘पोलादी स्प्रिंग’ असे लिहिले तर तिच्या जागी रबराचा तुकडा बसवणारा प्रतिस्पर्धी सुटू शकतो. ‘लवचिक घटक’ लिहिले तर घेर वाढतो, पण त्याच घेरात एखादे जुने उपकरण सापडले की दावा टिकत नाही. शिवाय तारखांचे भान अखंड ठेवावे लागते. 1883 च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर 12 महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत अर्ज केल्यास पहिल्याच तारखेचा अग्रक्रम मिळतो. ही मुदत चुकली आणि दरम्यान शोध प्रसिद्ध झाला असेल, तर पुष्कळ देशांत पेटंटसाठी लागणारे नावीन्यच संपते.

आपली पदवी इथे वाया जाणार नाही. गुगल आणि ओरॅकल यांच्यातील खटल्यात जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एपीआयमधील (तयार फंक्शन वापरण्याच्या जोडणीतील) सुमारे 11,500 ओळी गुगलने घेतल्याचा प्रश्न होता. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गुगलच्या बाजूने निकाल दिला, त्यात फंक्शनची घोषणा करणाऱ्या ओळी आणि प्रत्यक्ष काम करणारा कोड यांतील फरक महत्त्वाचा ठरला. तो फरक आपल्याला समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेत तर पेटंट कार्यालयापुढे पेटंटचे काम करण्याची परीक्षा देण्यासाठीच सहसा विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पात्रता लागते. उलट करार, विदासंरक्षण (डेटा संरक्षण) आणि ट्रेडमार्क या शाखांत अशी अट नसते, तिथे भाषेवरील पकड अधिक उपयोगी पडते.

प्रवेश घेण्याआधी एक करून पाहावे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये मंजूर पेटंटांचा पत्रव्यवहार कोणालाही विनामूल्य वाचता येतो. आपल्या विषयातील एक पेटंट निवडावे, मूळ दावे, परीक्षकाचे आक्षेप, अर्जदाराची उत्तरे आणि शेवटी मंजूर झालेले दावे या क्रमाने वाचावे, आणि कोणता शब्द कोणत्या आक्षेपामुळे आला हे शोधावे. त्यात वेळेचे भान हरपले तर निःशंकपणे प्रवेश घ्यावा. कंटाळा आला तर पेटंटऐवजी करारांच्या बाजूचा विचार करावा.