डाएट सुरू केलं आणि दूध आटलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी ४ महिन्यांची आहे, पूर्ण अंगावर पिते, म्हणजे गेल्या १० दिवसांपर्यंत तरी प्यायची. प्रेग्नन्सीत माझं वजन १६ किलोनी वाढलं होतं, त्यातलं ९ किलो अजून तसंच आहे (आता ६८ आहे, उंची १५८ सेमी, वय २९). एकही जुना ड्रेस होत नाही, फोटोत स्वतःला बघवत नाही, म्हणून एक अ‍ॅप घेतलं, त्यात वय-उंची-वजन टाकलं तर त्याने रोज १२०० कॅलरीचं टार्गेट दिलं. २ आठवड्यांत ३ किलो कमी झाले, मी खूश. पण छाती एकदम मऊ पडली, आधीसारखी भरून येत नाही, गळायचंही बंद झालं. संध्याकाळी तिला पाजून झाल्यावर पंप लावून बघितलं तर जेमतेम ४० मिली, आधी सकाळी आरामात १०० निघायचं. घरात सगळे म्हणतात डाएट केलंस म्हणून दूध आटलं, बाळाला उपाशी मारतेस का. मला इतकं रडू आलं. आता १० दिवस झाले, रात्री झोपताना आणि मध्यरात्री पावडरचं दूध देतो, त्याने ती जास्त वेळ झोपते, पण दिवसासुद्धा दूध अजून कमी झाल्यासारखं वाटतंय. मला चक्कर पण येते. डाएट सोडू का? की पाजणंच बंद करून नीट डाएट करू? ३ आठवड्यांपूर्वी लसीच्या वेळी तिचं वजन ५.८ किलो होतं, जन्माच्या वेळी २.९.
— एक आई

उत्तर : अगं, आधी तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर येऊ, कारण तू ती शेवटी लिहिलीस पण खरी बातमी तीच आहे. तुझ्या लेकीचं वजन जन्माच्या दुप्पट झालंय आणि तेसुद्धा ४ महिन्यांच्या आतच, बहुतेक बाळांना त्याला साधारण ५ महिने लागतात. हे सगळं वजन तुझ्या दुधावर वाढलंय. त्यामुळे "बाळाला उपाशी मारतेस" हे डोक्यातून काढून टाक, हे वाक्य कोणत्याही बाळंतिणीला कधीच कुणी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

आता छाती मऊ पडली त्याचं. सुरवातीच्या आठवड्यांत शरीराला अंदाज नसतो की बाळाला किती लागणार, म्हणून ते जास्तच बनवतं, छाती दगडासारखी होते, गळतं, कपडे भिजतात. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या मध्ये कधीतरी हिशोब जुळतो आणि मग बाळ जेवढं पितं तेवढंच बनतं, छाती मऊ, गळणं बंद. जवळजवळ प्रत्येक आईला तेव्हा वाटतं की दूध गेलं. तुझ्याकडे हे थोडं उशिरा झालं आणि नेमकं डाएटच्या वेळी झालं, म्हणून सगळा दोष डाएटवर आला.

पंपाचंही तसंच. सकाळी दूध जास्त असतं, संध्याकाळी कमी, आणि तू तर पाजून झाल्यावर लावलास! पाजल्यावर ४० मिली निघणं म्हणजे उलट चांगलंच की. आणि पंपावर किती निघतं याच्यावरून छातीत किती बनतंय ते कळतच नाही, काही बायकांना पंपावर पान्हाच फुटत नाही आणि बाळ मात्र गुटगुटीत असतं. बघायचं असेल तर दोनच गोष्टी बघ, २४ तासांत ६ किंवा जास्त ओले लंगोट होतात का, आणि वजनाचा काटा, म्हणजे तिचा, तुझा नाही. या वयात आठवड्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम वाढ असली की पुरे. ५.८ हे डाएटच्या आधीचं वजन आहे, म्हणून याच आठवड्यात परत वजन करून घे आणि बाळाच्या डॉक्टरांना दाखव, अंदाजावर राहू नको.

मग दिवसाचं दूध खरंच कमी झालं असेल तर का? माझं मत स्पष्ट सांगते, मला जास्त संशय रात्रीच्या त्या दोन बाटल्यांवर आहे. दूध बनण्याचा नियम अगदी साधा आहे, जेवढं बाहेर जातं तेवढं बनतं. छातीत दूध साठून राहिलं की आतूनच बनण्याचा वेग मंदावतो, आणि रिकामी झाली की वाढतो. त्यात रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, जास्त असतं. तू नेमकी तीच दोन फीडिंग काढून टाकलीस, १० दिवस, म्हणजे २० वेळा शरीराला निरोप गेला की गरज नाही, कमी बनव. मग कमी झालं, मग अजून पावडर, मग अजून कमी. या चक्रात खूप आया अडकतात. पावडरचं दूध देणं म्हणजे पाप नाही गं, गरज असेल तेव्हा ते द्यायलाच हवं, फक्त त्याच्या जागी छाती रिकामी झाली नाही तर दूध कमी होणार हे आधी कुणी सांगत नाही. झोपेसाठी रात्रीची एक बाटली दुसऱ्या कुणी द्यायची असेल तर जरूर द्या, पण झोपायच्या आधी किंवा उठल्या उठल्या पंप करून घे. आणि आता बाटल्या बंद करायच्या तर एकदम नको, आधी मध्यरात्रीची काढ, तिथे अंगावर घे, ३-४ दिवस लंगोट बघ, मग दुसरी. दिवसा दोन्ही बाजूंना पाज, एका बाजूला जोर कमी झाला की दुसरी, परत पहिली. काही दिवसांत फरक जाणवायला लागतो. ४ महिन्यांची बाळं आवाज आला की तोंड सोडून तिकडे बघत बसतात, म्हणून एक-दोन फीडिंग अंधाऱ्या शांत खोलीत कर.

याचा अर्थ तुझं डाएट ठीक होतं असा अजिबात नाही हं. १२०० कॅलरी बघून मला धस्स झालं. अ‍ॅपला तू आई आहेस हे माहीतच नाही! तुझ्या वय-उंची-वजनाला घरातल्या कामासकट साधारण १९०० कॅलरी लागतात, आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल तर दिवसाला साधारण ७५० मिली दूध जातं, त्यात वरच्या ५०० कॅलरी. म्हणजे वजन आहे तिथे ठेवायलाच २४०० च्या आसपास लागतात आणि तू बरोबर निम्म्यावर जगत होतीस. चक्कर येणारच. ते ३ किलोसुद्धा सगळी चरबी नाही, त्यात पाणी बरंच आहे आणि थोडे स्नायू पण गेले असतील. चक्कर खाणं वाढवूनही २-३ दिवसांत थांबली नाही तर हिमोग्लोबिन तपासून घे, बाळंतपणानंतर ते कमी असणं खूप कॉमन आहे.

शरीर आईचं पोट मारूनही बाळाचं दूध बऱ्यापैकी टिकवतं, म्हणून थोडं कमी खाल्लं की लगेच दूध आटलं असं होत नाही. पण किंमत आईच्या अंगातून जाते, कॅल्शियम हाडांतून काढलं जातं (पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं), आणि बी१२, आयोडीनसारख्या काही गोष्टी आईच्या खाण्यात नसल्या तर दुधातही कमी पडतात. शाकाहारी आयांनी बी१२ चं तर डॉक्टरांना विचारावंच, ते बाळाच्या मेंदूसाठी लागतं. खूप कमी खाणं बरेच दिवस चाललं तर मग दूधही कमी होऊ शकतं, म्हणून १५०० ते १८०० च्या खाली जाऊच नये असं साधारण सांगतात.

आणि हो, बारीक व्हायचं तर पाजणं बंद करायची गरज नाही. यावर नीट अभ्यास झालेत. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक आला होता, वजन जास्त असलेल्या आणि फक्त अंगावर पाजणाऱ्या ४० बायका, बाळंतपणाला ४ आठवडे झाल्यापासून १० आठवडे, एका गटाने रोजच्यापेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या आणि आठवड्यातून ४ दिवस ४५ मिनिटं व्यायाम केला. त्यांचं सरासरी ४.८ किलो वजन गेलं, नेहमीसारखं खाणाऱ्या दुसऱ्या गटाचं ०.८. बाळांची वाढ दोन्हीकडे सारखीच! म्हणजे आठवड्याला अर्धा किलो, हा वेग दुधाला झेपतो. (तरी मी स्वतः पहिले ६ ते ८ आठवडे कुणालाच डाएट करू देत नाही, तेव्हा दुधाचा हिशोब जुळत असतो आणि शरीर भरून येत असतं.)

तुझ्यासाठी हिशोब म्हणजे १९०० च्या आसपास खा, १८०० च्या खाली जाऊ नको. मोजायचा कंटाळा आला तर मोजू नको, प्रत्येक जेवणात प्रोटीन असू दे, डाळी-कडधान्यं, अंडी, दूध-दही जे चालत असेल ते, भाज्या भरपूर, आणि कमी करायचं ते गोड, तळलेलं, बिस्किटं, गोड पेयं. रात्री पाजताना भूक लागते ना, तेव्हा हाताशी काहीतरी बरं खाणं ठेव, नाहीतर बिस्किटाचा पुडा संपतो, मला माहितीये. पाणी तहान लागेल तेवढं पी, जबरदस्तीने लिटरच्या लिटर प्यायल्याने दूध वाढत नाही.

व्यायामाने दूध नासतं किंवा आटतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, रोज ४५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस व्यायाम करणाऱ्या आयांचं दूध कमी झालं नाही हे १९९४ मध्येच दिसलंय. तू चालण्यापासून सुरू कर, आधी पाजून मग निघ म्हणजे छाती हलकी असते, ब्रा आधार देणारी हवी पण करकचून घट्ट नको, त्याने दुधाच्या गाठी होतात. पोटासाठी लगेच क्रंचेस मारू नको. प्रेग्नन्सीत पोटाचे स्नायू मधून फाकतात आणि बऱ्याच जणींचं पोट त्यामुळेच पुढे दिसतं, ते चरबी कमी करून आत जात नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घे, सिझर झालं असेल तर नक्कीच.

एक विचारायचं राहिलं, मधल्या काळात गर्भनिरोधक गोळी सुरू केलीस का? इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही होतं, त्यात स्यूडोएफेड्रिन असतं. असं काही घेत असशील तर डॉक्टरांना सांगून बदलून घे.

प्रश्न : सगळे म्हणायचे पाजलं की वजन आपोआप उतरतं. बाळ ९ महिन्यांचं झालं, अजून पाजते, पण माझं वजन २ किलोनी वाढलंच! माझ्यातच काही दोष आहे का?

उत्तर : नाही गं, आपोआप उतरतं हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाहीच. पाजताना भूक जबरदस्त लागते, त्यात अर्धवट झोप, आणि झोप कमी झाली की गोड खावंसं जास्त वाटतं. काही जणींचं वजन तर पाजणं थांबेपर्यंत हलतच नाही. तुझ्याबाबतीत अजून एक आहे, बाळ ६ महिन्यांनंतर वरचं खायला लागतं, दूध कमी पितं, दूध बनवायला लागणाऱ्या त्या वरच्या ५०० कॅलरी कमी होत जातात पण ताटात आपण आधीएवढंच घेतो. तिथून थोडं कमी कर. आणि थायरॉइड तपास, बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात ते बिघडू शकतं, थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं असेल तर उशीर करू नको. सारखं उदास वाटत असेल तर तेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांग, लाजू नको.

प्रश्न : पाजत असताना कीटो करू का? आणि वजन कमी करायचं ते इंजेक्शन चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. दुधात रोज साखर जाते, ती शरीराला कुठूनतरी आणावी लागते, त्यात कीटोसाठी तू कार्ब्ज, म्हणजे पोळी-भात, गोड वगैरे, जवळजवळ बंद केलेस तर रक्तात अ‍ॅसिड वाढून जिवावर बेतू शकतं, पाजणाऱ्या आयांमध्ये असं झालेलं आहे. कीटोवर असताना मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं सुरू झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे गेल्या गेल्या सांगायचं की मी पाजते आणि कीटोवर आहे. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं पाजताना घ्यायला सांगत नाहीत, त्यात भूकच मरते आणि मग आईचं खाणं पडतं. वजन कमी करणारे चहा आणि पावडरी पण नकोत, बऱ्याच चहांमध्ये सोनामुखीसारखं जुलाबाचं औषध असतं, वजन म्हणून जातं ते पाणी. आधीच एखादं इंजेक्शन घेतलं असशील तर घाबरू नको पण पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन कर, आणि बाळाच्या डॉक्टरांनाही सांग.