नवऱ्याच्या ब्लू कार्डामुळे जर्मनीला येताय?

ताई, नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना) असेल तर तुम्हालाही नोकरीची पूर्ण मुभा मिळते, वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून खरी तयारी जर्मन भाषेची करा. व्हिसासाठी ए१ (भाषेची पहिली पातळी) मागत नाहीत, तरी पुण्यातच सुरुवात करा. इथे आल्यावर घर, मुलं आणि कागदपत्रांत दिवस कसे जातात कळत नाही. नंतर इंटिग्रेशन कोर्स घ्या. त्यात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज असतो, आणि ध्येय बी१चं, म्हणजे मधल्या पातळीचं. नवऱ्यालाही शिकायला लावा: बी१ असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत कायम निवास मागता येतो, ए१वर २७.

तुमची पदवी 'अनाबिन'वर, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत, शोधून ठेवा. आयटीत कंपन्या त्याबाबत फार ताणत नाहीत. तुम्ही नर्स असाल तर मात्र शिक्षणाला इथली मान्यता मिळाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि सहसा बी२ (बी१च्या वरची पातळी) लागतंच. मला ही अट रास्त वाटते. वॉर्डातल्या आजींना कुठं दुखतंय ते त्यांच्याच भाषेत कळायला हवं.

मुलांना शाळा सक्तीची आहे, घरी शिकवणं चालत नाही. जर्मन ती शाळेत पटकन उचलतात. घरात तुम्ही मराठीच बोला.