आत्या, तिकडे तोंड उघडायची चोरी आहे का?

चि. मंदार,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. कंपनी एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदली होणाऱ्यांच्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीला पाठवतेय, सोबत स्नेहा आणि आठ वर्षांची सई. आणि प्रश्न असा की, 'आत्या, तिकडे म्हणे काही बोलायचीच चोरी झालीय, पोरगी बिघडणार नाही ना?' मी १९९८ साली वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताच संगणक गडबडतील म्हणून झालेल्या भरतीच्या, लाटेत तुझ्या आतोबांच्या मागोमाग इथे आले. तेव्हापासून या देशाने इतक्यांदा कूस बदललीय की शेजारी झोपणाऱ्याला पांघरूण पुरत नाही.

आधी सर्वनामांचं. मध्यंतरी आमच्या ऑफिसात टूम निघाली, प्रत्येकाने ईमेलखाली आपलं सर्वनाम लिहायचं, म्हणजे आपल्याला 'ती' म्हणायचं, 'तो' म्हणायचं की 'ते'. 'शी/हर', 'ही/हिम', 'दे/देम'. एका पोरसवदा सल्लागार बाईने दीड तास शिकवलं, एकट्या माणसाला अनेकवचन कसं लावायचं ते. मी मागे गप्प बसून होते. सासऱ्यांना जन्मभर 'ते' आणि नवऱ्याला 'हे' म्हणत आलेल्या बाईला काय शिकवता? मग जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि केंद्र सरकारच्या नोकरांना हुकूम सुटला, सर्वनामं काढा. गणपतीची आरास बरी, ती दहा दिवस तरी टिकते. तू आपला समोरचा सांगेल तसं म्हण. पैसे पडत नाहीत.

खरी पंचाईत आहे ती आपल्या मराठी तोंडाची. मागच्या गणपतीत मैत्रिणीच्या बारा वर्षांच्या नातीला मी लाडाने म्हटलं, 'केवढी सुटलीस गं!' पोरीने हातातला मोदक ताटलीत ठेवला आणि थंडपणे म्हणाली, 'आजी, वुई डोन्ट कॉमेंट ऑन बॉडीज.' मी तो मोदक उचलून खाल्ला, दुसरं काय करणार? पण मला बघायला आलेल्यांमधल्या त्या मावशीला, 'मुलगी रंगाने जरा कमीच' म्हणणाऱ्या, असं कुणी सुनावलं असतं तर मी स्वतः पेढे वाटले असते. तेव्हा वजन, रंग, पगार आणि 'गुड न्यूज कधी' हे चार विषय मुंबई विमानतळावरच ठेवून ये. सई बिघडणार नाही. सहा महिन्यांत तीच तुला सुधारायला लागेल.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका मराठी घरातल्या मुलीने मुलीशी लग्न केलं. न्यू जर्सीत हे २०१३ पासून कायदेशीर आहे, देशभर २०१५ पासून. दोघी नऊवारीत, मधे अंतरपाट, गुरुजींना फक्त 'वर' शब्द आला की ठेच लागायची. एवढं बिनभांडणाचं लग्न मी पाहिलं नाही. दोन्हीकडचे मुलीकडचेच, मग मानपानावरून रुसणार कोण? एक ऐंशीच्या काकू मात्र अस्वस्थ होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या माझ्या कानाशी लागल्या, 'दुसरी आपल्यातलीच ना गं?' नागपूरची देशस्थ आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी जिलबी मागवली. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा 'इथे कुठली आलीय जात?' म्हणून आमच्या मंडळात जे तावातावाने बोलत होते, त्यांनी मुलांसाठी शोधलेली स्थळं मी पाहिलीत.

आरक्षणाचंही तेच. त्याला शिव्या घालत पुणं सोडलेले लोक इथे सरकारी कंत्राट दिसलं की फॉर्मवर 'अल्पसंख्याक'च्या चौकोनात आधी खूण करतात. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेजप्रवेशात वंश बघायला मनाई केली, तेव्हा मोठा जल्लोष झाला. जल्लोष करणाऱ्यांपैकी एकाच्याही पोराला हार्वर्डने घेतलेलं मला माहीत नाही.

न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो, २०२२ पासून. कोपऱ्यावरून जाताना गावच्या मठाची आठवण येईल असा वास असतो. तू हात लावू नकोस. राज्याने मुभा दिली तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि व्हिसा केंद्र देतं.

आता जरा न हसता. आपल्याबद्दलची भाषा बदललीय. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी, म्हणजे परदेशी कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. तुझं एल-१, म्हणून तुला ती नाही. पण दुकानात रांगेत उभी असताना 'परत जा' मीही ऐकलंय, सत्तावीस वर्षांनी, पहिल्यांदा. बेकायदा आलेल्यांना हाकला म्हणून ज्यांना मत दिलं, त्यांच्या पाठीराख्यांना आपला कायदेशीर रंग वेगळा दिसत नाही, हे मंडळातल्या काही जणांना उशिरा कळलं. हल्ली ते राजकारण सोडून फक्त श्रीखंडावर बोलतात.

स्नेहाला सांग, एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, जोडीदाराला कामाचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. फक्त आय-९४ वर, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या नोंदीवर, 'एल-२एस' ही जोडीदाराची खूण आलीय ना, ते उतरल्या उतरल्या तपासा. नोकरीच्या फॉर्मवर तिला कदाचित सर्वनाम विचारतील. तुझा रकाना नसतो म्हणून बरं. ती तुला 'अरे मंद्या' म्हणते, ते कुठल्या चौकोनात बसवणार?

आत्या