आधी पाखाडी चालून बघ
अरे, सायकलवाटेचा नकाशा घरी रंगवून थेट ग्रामसभेत नेऊ नकोस. माझी पहिली वाट तिथेच अडली. सातबाऱ्यावर 17 सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चाकरमानी गणपतीत गावी येतात. आरतीला घरोघरी जाशील तेव्हा विषय काढ.

ठराव ग्रामसभेतच होऊ दे, पण आधी महिला सभेत मांड. आणि एकदा पहाटे कोळणींबरोबर पाखाडीने, म्हणजे गावातल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने चाल, भर पावसात. डोक्यावर पाटी, पायाखाली शेवाळलेला जांभा. कुठली पायरी घसरते, पऱ्या, म्हणजे ओहोळ, कुठे वाट खातो, ते त्या बोलता बोलता पायानेच दाखवतात. माझ्या नकाशात यातलं काहीच नव्हतं.

किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, तेही लोकांना सुरुवातीलाच सांग.